कमी व्होल्टेजला मोटर का जळते?

आष्टी पर्जन्यछायेतला तालुका; इथलं बरंचसं रान विहीर-बोअरच्या पाण्यावर, म्हणजे पंपाच्या मोटरवर. ती जळाली की प्रश्न येतो: ‘व्होल्टेज कमी, म्हणजे करंटही कमी, मग मोटर जळेलच कशी?’ हा प्रश्न शाळेतल्या ओहमच्या नियमाला धरूनच आहे. 230 व्होल्टचा 1000 वॅटचा हीटर घ्या. करंट 4.35 अँपिअर, रोध 230 भागिले 4.35, म्हणजे सुमारे 53 ओहम. व्होल्टेज 180 झालं की करंट 3.4 वर येतो, शक्ती 612 वॅटवर. पाणी उशिरा तापतं, एवढंच.

मोटरचं तसं नाही. तिला तेवढंच पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायचं असतं, म्हणून व्होल्टेज घटलं की ती करंट जास्त ओढते. 5 अश्वशक्तीची थ्री फेज मोटर 415 व्होल्टला साधारण साडेसात अँपिअर घेत असेल, तर 330 ला साडेनवाच्या आसपास घेईल. वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे जवळपास दीडपट. इन्सुलेशन वितळतं ते यामुळे.

कुणी म्हणेल, मग मोटरचा रोध व्होल्टेज भागिले करंट करून काढू. तो आकडा रोध नव्हे. त्यात वाइंडिंगच्या चुंबकीय परिणामाचाही अडथळा मिसळलेला असतो. शक्ती काढतानाही पॉवर फॅक्टर धरावाच लागतो. केबलला मात्र साधा नियम चालतो: 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार किलोमीटरला सुमारे 7.4 ओहम. खांबापासून विहीर 300 मीटर असेल, तर 8 अँपिअरला प्रत्येक फेजमध्ये 18 व्होल्ट वाटेतच जिरतात. बारीक केबलची बचत इथे महागात पडते.