खेळणे घडविणारा हात आणि त्याचा मोबदला

चंद्रपूर-मूल मार्गावरील चिचपल्ली येथे 2014 साली स्थापन झालेल्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रात आपल्या जंगलातील बांबूपासून वस्तू घडविण्याचे शिक्षण मिळते. परंतु खेळणे घडविणाऱ्या कारागिरास बहुधा नगाप्रमाणे मजुरी मिळते. काम थांबले की कमाई थांबते. त्याच खेळण्याचा आराखडा आखणारा डिझायनर कंपनीत मासिक वेतन घेतो. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर भारतीय मानक चिन्ह अनिवार्य झाले असून सुरक्षितता तपासणाऱ्या जाणकारांनाही या उद्योगात स्थान आहे.

हात आणि बुद्धी यांच्या मोबदल्यातील ही दरी जातिव्यवस्थेने जोपासली. ती शिक्षणानेच बुजेल. राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या गांधीनगर येथील संकुलात खेळणी व खेळ यांच्या डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. त्याच्या प्रवेश परीक्षेत पाठांतरापेक्षा रेखाटन, निरीक्षण व कल्पकता यांची कसोटी लागते. अनुसूचित जाती-जमातींसाठी तेथे राखीव जागा आहेत.

पालकहो, बांबूच्या कामट्यांपासून गाडी करणाऱ्या मुलास आपण रागावू नये. त्याच्या हाती वही-पेन्सिलही द्यावी आणि पदवीपर्यंत त्याची शाळा सुटू देऊ नये, एवढेच आमचे सांगणे आहे.