प्रतिपालक व्हायचंय? आधी हे जाणून घ्या

वरवट बकालसारख्या गावात भावाच्या, बहिणीच्या पोरक्या लेकराला घरात घेताना कुणी कागद करत नाही. प्रतिपालक (फॉस्टर पालक) म्हणून नात्याबाहेरचं मूल सांभाळायचं असेल, तर मात्र बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४४ प्रमाणे बालकल्याण समितीचा आदेश लागतो. सुरुवात बुलढाण्याच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी संपर्क साधून करावी. ओळख, उत्पन्न, आरोग्य यांची कागदपत्रं लागतात. पुढे गृहभेट होते. तिला घाबरू नका. घर मोठं आहे का, यापेक्षा घरातली सगळी माणसं मनापासून तयार आहेत का, हेच महत्त्वाचं. आजी-आजोबांशी आणि स्वतःच्या मुलांशी आधीच बोला.

२०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार अविवाहित, विधवा, घटस्फोटित व्यक्तीलाही अर्ज करता येतो. प्रतिपालकांकडे दिली जाणारी संस्थेतली मुलं साधारण ६ वर्षांवरची असतात. त्यांना आपल्या आठवणी असतात, त्या पुसायला जाऊ नये. हे दत्तक नव्हे. मूल जन्मदात्यांकडे परतूही शकतं. मात्र ते दत्तक देण्यास कायद्याने मुक्त असेल, तर २ वर्षांच्या सांभाळानंतर दत्तकाचा अर्ज करता येतो. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेत पात्र मुलासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे.

निराधार मूल दिसलं, तर परस्पर घरी नेऊ नका. १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर कळवा.