हेल्वेशियाचा पत्रमित्र

ब्रिटनने १८४० साली जगातले पहिले टपालतिकीट काढले. त्या मानापायी त्याच्या तिकिटांवर आजही देशाचे नाव नसते. शाळेत असताना माझा घोळ झाला तो मात्र ‘हेल्वेशिया’पाशी! पत्रमित्राच्या चित्रकार्डांवरील तिकिटांवर हेच नाव. नकाशात हा देश काही सापडेना. ते निघाले स्वित्झर्लंडचे लॅटिन नाव. चार राष्ट्रभाषांपैकी एकीलाही झुकते माप नको म्हणून पत्करलेले. (मराठीच्या मास्तराला ही युक्ती फार आवडते.) मी त्याला गांधीजींची तिकिटे पाठवी. त्याची तिकिटे सोडवायला मी एके दिवशी सारी कार्डे पाण्यात टाकली. तिकिटे सुटली; शाईही वाहून गेली. ती अकरा तिकिटे अजून वहीत आहेत. परवा मुलीने विचारले, “बाबा, तो लिहायचा काय?” मी वहीचे पान उलटले.