रोल्सवरचा पिवळा रंग

कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरातील रॉयल ब्रिटिश कोलंबिया संग्रहालयाकडे 1965 सालची एक रोल्स-रॉइस फँटम फाइव्ह आहे. बीटल्स या संगीतगटाच्या जॉन लेननने ती घेतली तेव्हा ती अंगोपांगी काळी होती. 1967 मध्ये चर्ट्सीच्या जे. पी. फॅलन यांच्या कारखान्यात तिला भडक पिवळा रंग लागला. त्यावर स्टीव्ह वीव्हर या चित्रकाराने जिप्सींच्या रंगीत गाड्यांवर असतात तशा वेलबुट्ट्या आणि फुलांचे झुबके काढले, छपरावर तूळ राशीचे चिन्ह आले. गाड्यांच्या शौकिनांपैकी अनेकांना हा आजही भ्रष्टाकार वाटतो. त्यांच्या मते जुनी गाडी जपायची तर कारखान्यातून निघाली तशी, आणि अधूनमधून रस्त्यावर काढून.

पण या गाडीत दुर्मीळ काय, याचा आधी हिशेब करायला हवा. सव्वासहा लिटरचे व्ही-एट इंजिन, मुलिनर पार्क वॉर्डने बांधलेली जवळपास सहा मीटर लांबीची बॉडी, हे सगळे देखणे खरेच. मात्र फँटम फाइव्ह पाचशेच्या वर बनल्या. त्यातल्या दोन इंग्लंडच्या राणीच्या दिमतीला होत्या. इंजिनाचा भाग बिघडला तर दुसऱ्या गाडीचा बसवता येतो. हा रंग मात्र एकदाच लागला. गाडी चालवली की बॉनेट तापते, पत्रा थरथरतो, आणि पन्नास वर्षांहून जुना, कारखान्याच्या रंगावर चढवलेला थर तडकायला एवढे पुरेसे असते. प्रखर उजेडात तो फिका पडतो, ते वेगळेच. 1985 मध्ये सदबीजच्या लिलावात ती सुमारे 23 लाख डॉलरना गेली, ती इंजिनासाठी नव्हे.

मग तिला चित्रच म्हणा, गाड्यांच्या इतिहासात कशाला आणता, असा आक्षेप येईल. तो वजनदार आहे, पण पटत नाही. बीटल्समधल्याच जॉर्ज हॅरिसननेही त्याच सुमारास आपली मिनी रंगवून घेतली होती. तिची गंमत वाटते, धक्का बसत नाही. मिनी कुणीही घ्यावी. फँटम म्हणजे राजघराण्याची, बड्या धनिकांची गाडी. मागे बसणाऱ्याचा मान तिच्या काळ्या रंगातूनच दिसायचा. लिव्हरपूलच्या साध्या घरातल्या पोराने तो मान विकत घेतला आणि त्यावर फुले काढली. खाली रोल्स नसती तर या खोडीला धारच आली नसती. म्हणून यंत्र आणि रंग वेगळे काढता येत नाहीत. जपताना मात्र जे पुन्हा मिळणार नाही त्याला झुकते माप द्यावे लागते.

1977 मध्ये लेननने ती न्यूयॉर्कच्या कूपर-ह्यूइट संग्रहालयाला दिली होती. लिलावात ती कॅनडाच्या जिम पॅटिसन यांच्या उद्योगाने घेतली, 1986 च्या व्हँकुव्हरच्या जागतिक प्रदर्शनात मांडली आणि पुढे ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या स्वाधीन केली. ती कायम प्रदर्शनात नसते, यावर प्रेक्षक कुरकुरतात. त्यांची निराशा समजते; तरी फिकट पिवळी रोल्स रोज पाहण्यापेक्षा लखलखीत पिवळी क्वचित पाहिलेली बरी.