मनगटावरचा पट्टा नेमके काय मोजतो?

मनगटावर बांधलेला पट्टा शरीराने खर्च केलेल्या कॅलरी मोजतो, हा सर्वांत रूढ गैरसमज आहे. वस्तुतः त्याच्या आतील त्वरणमापक, म्हणजे वेगातील बदल टिपणारा काही मिलिमीटरचा संवेदक, मनगट तीन दिशांनी कसे हलले एवढेच नोंदवतो. कॅलरींचा आकडा हा त्या नोंदीला वय, वजन, उंची आणि नाडीचे ठोके यांची जोड देऊन सूत्राने काढलेला अंदाज असतो. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अशी ७ उपकरणे तपासली, तेव्हा ६ उपकरणांत ठोक्यांच्या मोजणीतील चूक ५ टक्क्यांच्या आत राहिली, परंतु ऊर्जाखर्चाच्या बाबतीत सर्वांत सरस ठरलेले उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकले.

हात जितका हलतो तितके श्रम, ही समजूतही वसईच्या पाचूबंदरसारख्या कोळीवाड्यातील कामांपुढे टिकत नाही. ओल्या मासळीची टोपली डोक्यावर घेऊन, एका हाताने ती धरून वाळूतून चालणाऱ्या बाईचे मनगट जवळजवळ स्थिर असते, त्यामुळे तिची पावले पट्ट्याच्या हिशेबातून गळू शकतात आणि डोक्यावरचा भार तर त्याला कळतच नाही. उलट, दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टाकणारे किंवा बसून जाळे शिवणारे हात सतत हलत असल्याने, तुलनेने हलके काम तेथे अधिक श्रमाचे भासते. होडीवर तर लाटांचे हेलकावे आणि इंजिनाची थरथरही माणसाच्या हालचालीत मिसळते.

रोज १०,००० पावले हा वैद्यकशास्त्राने ठरवलेला उंबरठा नव्हे. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून तो आकडा रूढ झाला. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस पावलांत नव्हे, तर मिनिटांत आहे: प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल.

एवढ्यावरून ही उपकरणे निरुपयोगी ठरवणे हा मात्र उलट टोकाचा गैरसमज होईल. ब्रिटनमधील यूके बायोबँक प्रकल्पात २०१३ ते २०१५ या काळात १ लाखाहून अधिक व्यक्तींनी ७ दिवस असा संवेदक मनगटावर बांधला, आणि स्मरणावर विसंबणाऱ्या प्रश्नावलीला न साधणारी दिवसरात्रीची सलग नोंद त्यातून हाती आली. दैनंदिन जीवनातील एकूण ऊर्जाखर्चाचे सर्वांत विश्वसनीय मापन हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या जड समस्थानिकांनी खुणावलेले पाणी पाजून, ते शरीरातून किती वेगाने बाहेर पडते हे तपासून होते; ते महागडे असल्याने मोठ्या समूहांसाठी पट्टाच व्यवहार्य ठरतो.

तरीही श्रमांचा प्रकार विचारावाच लागतो. पुण्याजवळच्या खेड्यांतील गर्भवतींच्या कष्टांचा बाळाच्या जन्मवेळच्या आकाराशी असलेला संबंध २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवला, तो शेतातील आणि घरातील कामांची विचारपूस करूनच. पाचूबंदरच्या बाईचे श्रम मोजायचे असतील, तर पट्ट्याच्या जोडीला टोपलीचे वजनही वहीत लिहून घ्यावे लागेल.