पर्सनल स्टेटमेंट: आधी ‘लहानपणापासून’ खोडा

आजचा विषय एका व्हॉइस नोटमधून आलाय. ‘ताई, परदेशात एलएलएमला अर्ज करतेय, पर्सनल स्टेटमेंटमध्ये लिहू काय?’ प्रश्न बरोबर आहे. आपल्याकडे क्लॅट द्या नाहीतर सीईटी, प्रवेश गुणांवर. तुला हे का शिकायचंय, असं कोणी विचारत नाही. मग कोरं पान समोर आलं की आपण भाषण ठोकतो.

माझं पहिलं वाक्य होतं, ‘लहानपणापासून मला अन्यायाची चीड आहे.’ सीनियरने वाचलं आणि विचारलं, ‘कुठला अन्याय? तू कधी पाहिलास?’ उत्तर होतं माझ्याकडे. द्यायचं नव्हतं.

लॉच्या दुसऱ्या वर्षाला होते, तेव्हा आत्या गावी आली आणि दुय्यम निबंधक कार्यालयात वडिलोपार्जित जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही करून गेली. माझ्या बाबांच्या नावे. 2005 च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क मिळाला. 9 सप्टेंबर 2005 ला वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. हे सगळं मी परीक्षेत लिहून आले होते. घरी मात्र गप्प बसले. ‘माहेर तुटायला नको गं,’ आत्या एवढंच म्हणाली.

दुसऱ्या मसुद्यात हा प्रसंग घातला, पण चारच ओळींत. इथेच बरेच जण घसरतात. पानभर रडवतात, आणि प्रवेश जणू आत्यालाच द्यायचाय असं वाटतं! वाचणाऱ्याला बघायचं असतं की त्या प्रसंगानंतर तुमचं डोकं कुठे गेलं. माझा प्रश्न असा होता: कायद्याने दिलेला हक्क नात्यापोटी सोडला जातो, तेव्हा कागदावरच्या ‘स्वखुशीने’ या शब्दाला अर्थ काय? मग त्यासाठी मी काय वाचलं, विधी साहाय्य केंद्रात काय पाहिलं, आणि त्या विद्यापीठातला नेमका कुठला विषय मला पुढे नेईल, ते लिहिलं. एक सोपी चाचणी सांगते. विद्यापीठाचं नाव बदलूनही परिच्छेद जसाच्या तसा चालत असेल, तर तो फुकट गेला. गुण आणि सर्टिफिकेटं सीव्हीत असतातच, इथे परत नकोत.

बारावीनंतर थेट इंग्लंडमध्ये एलएलबीला जाणाऱ्यांनो, तुमचा अर्ज यूकासमधून जातो. 2026 च्या प्रवेशापासून तिथे सलग निबंध नाही. तीन प्रश्न आहेत, मिळून 4000 अक्षरं, मोकळ्या जागा धरून. प्रत्येक उत्तर किमान 350 अक्षरांचं हवं. एकच किस्सा तिन्हीकडे ताणू नका.

हां, आणि घरच्यांबद्दल लिहिणार असाल तर त्यांना विचारा. मी त्या चार ओळी आत्याला फोनवर मराठीत वाचून दाखवल्या. ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘माझं नाव नको घालूस. बाकी राहू दे.’

बाबांना अजून दाखवलेलं नाही.