घटक ४ : अद्भुतिका, तिचे उत्तरभाग आणि माध्यमांतरे ('अर्थसी' ग्रंथमालेच्या आधारे)

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला –
• अद्भुतिकेतील विस्मय कशातून निर्माण होतो, हे स्पष्ट करता येईल.
• उत्तरभाग आणि माध्यमांतर यांतील फरक सांगता येईल.
• मूळ कृतीच्या तुलनेत नंतरची कृती उणी का वाटते, याची कारणमीमांसा करता येईल.
• वाचकाचा अपेक्षाभंग आणि कृतीतील दोष या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहता येतील.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, आवडत्या कादंबरीवरचा चित्रपट पाहून आलेला वाचक बहुधा एकच वाक्य घेऊन परततो : 'पुस्तकाची सर नाही.' आवडत्या कादंबरीचा पुढचा भाग वाचतानाही पुष्कळदा हाच अनुभव येतो. हा अभिप्राय प्रामाणिक असतो. पण ती समीक्षा नव्हे. समीक्षेला त्यापुढचा प्रश्न विचारावा लागतो : सर नाही म्हणजे नेमके काय नाही? मूळ कृतीत असे काय होते, जे नंतरच्या कृतीत उतरले नाही?

हा प्रश्न अद्भुतिकेच्या, म्हणजे ज्याला आपण सर्रास 'फॅन्टसी' म्हणतो त्या साहित्यप्रकाराच्या बाबतीत विशेष तीव्र होतो. सामाजिक कादंबरीचे जग वाचकाला आधीच ठाऊक असते. अद्भुतिकेचे जग मात्र लेखकाने शब्दांतून प्रथमच उभे केलेले असते. त्या शब्दांबाहेर त्याला अस्तित्व नसते. म्हणूनच हे जग दुसऱ्या पुस्तकात किंवा दुसऱ्या माध्यमात नेताना काय सांडते, हे पाहणे उद्बोधक ठरते. या घटकात आपण अमेरिकन लेखिका उर्सुला के. ल ग्विन (१९२९–२०१८) यांच्या 'अर्थसी' या ग्रंथमालेच्या आधारे हा विचार करणार आहोत.

४.२ विस्मय आणि व्यंजना

भारतीय साहित्यशास्त्राने अद्भुत रसाचा स्थायीभाव विस्मय मानला आहे. विस्मयाचे एक वैशिष्ट्य असे, की तो ओळखीने ओसरतो. शोक किंवा रती हे भाव परिचयाने गहिरे होऊ शकतात. विस्मयाला मात्र काहीतरी अज्ञात शिल्लक असावे लागते. त्यामुळे प्रत्येक उत्तरभागापुढे एक अडचण आरंभापासूनच उभी असते. ज्या जगाने पहिल्या भेटीत वाचकाला थक्क केले, ते जग दुसऱ्या भेटीत परिचित झालेले असते.

दुसरी अडचण व्यंजनेशी संबंधित आहे. आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त दाखवून दिले, की काव्याचे सौंदर्य जे सांगितले त्यापेक्षा जे सुचवले त्यात अधिक असते. मम्मटाने तर रसाचे किंवा भावाचे नाव घेऊन तो सांगणे हा रसदोषच मानला. अद्भुतिकेतील जग हे असेच बव्हंशी सूचित जग असते. एखाद्या दूरच्या बेटाचा ओझरता उल्लेख, एखाद्या जुन्या युद्धाचे अर्धवट गीत, यांतून त्या जगाला खोली येते. उत्तरभाग लिहिणारा किंवा चित्रपट करणारा जेव्हा त्या बेटावर प्रत्यक्ष जातो आणि ते युद्ध सविस्तर दाखवतो, तेव्हा व्यंग्य होते ते वाच्य होते. माहिती वाढते, पण विस्मय घटतो.

४.३ 'अर्थसी'चे जग : नावांची जादू

या मालेतील 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' हे पहिले पुस्तक १९६८ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर 'द टूम्ब्ज ऑफ आटुआन' (१९७१) आणि 'द फार्देस्ट शोअर' (१९७२) ही पुस्तके आली. अर्थसी हा असंख्य बेटांचा समूह आहे. तेथील जादू भाषेची आहे. प्रत्येक वस्तूला सृष्टीच्या मूळ भाषेत एक खरे नाव असते. ते ज्याला ठाऊक, त्याची त्या वस्तूवर सत्ता चालते. माणसालाही असे खरे नाव असते. ते तो अगदी विश्वासातल्या माणसालाच सांगतो; एरवी तो व्यवहारातल्या नावाने ओळखला जातो.

आधुनिक भाषाविज्ञानात सोस्यूरच्या विवेचनाला धरून आपण असे शिकतो, की शब्द आणि अर्थ यांचा संबंध यादृच्छिक असतो. मीमांसकांनी मात्र तो नित्य मानला होता. ल ग्विन यांनी नाव आणि वस्तू यांच्या अभेदाची कल्पना केवळ शोभेसाठी वापरली नाही. कथानकाची सारी रचना तिच्यावर उभी केली.

नायकाला लोक 'स्पॅरोहॉक' या एका शिकारी पक्ष्याच्या नावाने ओळखतात. त्याचे खरे नाव 'गेड' हे त्याला ओगिअन या मितभाषी गुरूने दिलेले असते. रोक बेटावरील विद्यापीठात शिकत असताना हा तरुण अहंकारापोटी एक निषिद्ध मंत्र उच्चारतो आणि त्यातून एक छाया मोकळी सुटते. ती त्याचा पाठलाग करते. पुढे तोच उलटून तिचा माग काढतो. अखेरीस दोघे समोरासमोर येतात आणि एकमेकांना एकाच नावाने हाक मारतात. ते नाव असते 'गेड'. छाया परकी नव्हती, ती त्याचाच अंश होती, हे सत्य येथे स्पष्टीकरणातून कळत नाही. ते एका नामोच्चारातून प्रकट होते.

दुसऱ्या पुस्तकातील तेनार या मुलीला लहानपणीच देवस्थानाची पुजारीण म्हणून नेले जाते आणि तिचे नाव हिरावून घेतले जाते. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची चाल आपल्याकडे पाहिलेल्या वाचकाला नाव जाणे म्हणजे काय, हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही. गेड तिला तिचे नाव परत देतो. तिच्या मुक्तीचा आरंभ तेथून होतो.

सारांश, या जगाच्या विस्मयाला एक नियम आहे : नाव हेच सत्त्व. प्रत्येक श्रेष्ठ अद्भुतिकेत असा एखादा मध्यवर्ती नियम असतो. नंतरच्या कृतीचे मूल्यमापन करताना या नियमाचे पुढे काय झाले, हे प्रथम पाहावे.

स्वयंअध्ययन प्रश्न १ : 'अर्थसी'च्या पहिल्या पुस्तकाचा शेवट व्यंजनेच्या दृष्टीने कसा परिणामकारक ठरतो, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.

४.४ दोन माध्यमांतरे

(अ) २००४ ची दूरचित्रवाणी मालिका

डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेतील साय-फाय वाहिनीवर 'अर्थसी'ची दोन भागांची मालिका प्रसारित झाली. तिच्यात पहिल्या दोन पुस्तकांची कथानके एकत्र केली होती. कथानक एकत्र करणे, पात्रे गाळणे हा माध्यमांतराचा सामान्य व्यवहार आहे. त्याला दोष म्हणता येत नाही. पण या मालिकेने नायकाची दोन नावे उलटी केली. लोक त्याला 'गेड' म्हणतात आणि 'स्पॅरोहॉक' हे त्याचे गुप्त, खरे नाव ठरते. वरवर पाहता बदल किरकोळ आहे. परंतु ज्या जगात नाव हेच सत्त्व आहे, तेथे नावांची अशी सहज अदलाबदल होऊ शकते, याचा अर्थ तो नियम निर्मात्यांना केवळ सजावट वाटला. नियम मोडला, आणि आपण तो मोडत आहोत याची जाणीवही दिसली नाही.

दुसरा बदल याहून गंभीर होता. पुस्तकांत अर्थसीतील बहुसंख्य लोक ताम्रवर्णी किंवा काळे आहेत. गेड ताम्रवर्णी आहे, त्याचा जिवलग मित्र व्हेच काळा आहे. इंग्रजीतील अद्भुतिकांचे नायक गोरे असण्याचा प्रघात असताना ल ग्विन यांनी हे हेतुपूर्वक केले होते. मालिकेत नायकाची भूमिका गोऱ्या नटाला देण्यात आली. ल ग्विन यांनी त्याच महिन्यात लेख लिहून याचा जाहीर निषेध केला. निर्मितीप्रक्रियेत आपल्याला बाहेर ठेवले गेले, हेही त्यांनी नोंदवले. या प्रकारच्या साहित्यात आपल्यालाही स्थान आहे, असे केवळ 'अर्थसी' वाचतानाच वाटले, अशा अर्थाचे काही कृष्णवर्णीय व अन्य गौरेतर वाचकांनी त्यांना कळवले होते. त्या वाचकांना एकदा मिळालेली जागा मालिकेने परत काढून घेतली. म्हणजे माध्यमांतरात सांडते ते नेहमीच केवळ कलात्मक नसते. कधीकधी ते एखाद्या वाचकवर्गाचे त्या जगातील स्थानही असते.

(आ) २००६ चा जपानी चित्रपट

जपानच्या स्टुडिओ घिब्लीने २००६ मध्ये गोरो मियाझाकी यांच्या दिग्दर्शनाखाली 'अर्थसी'वर ॲनिमेशनपट काढला. त्यांचे वडील हायाओ मियाझाकी यांनी फार पूर्वी या पुस्तकांवर चित्रपट करण्याची इच्छा दर्शवली होती. तेव्हा त्यांचे काम ठाऊक नसल्याने ल ग्विन यांनी नकार दिला होता. पुढे त्यांचे चित्रपट पाहून त्यांचे मत बदलले. पण दिग्दर्शन मुलाकडे गेले. चित्रपटाचा आधार मुख्यतः तिसरे पुस्तक आहे.

तिसऱ्या पुस्तकात कॉब नावाचा जादूगार मृत्यूच्या भयाने जीवन आणि मरण यांमधील दार उघडतो. परिणामी जगातील अर्थच ओसरू लागतो. मंत्रज्ञांना मंत्र आठवत नाहीत, गायकांना गाणी आठवत नाहीत. हे दार बंद करताना गेडचे सारे सामर्थ्य खर्ची पडते. येथे संकट एका दुष्टापुरते राहत नाही. अमरत्वाची हाव ज्याच्या मनात आहे, त्या प्रत्येकात ते आहे. चित्रपटात मात्र खलनायक मारला जातो आणि प्रश्न मिटतो. ल ग्विन यांनी नेमका हाच आक्षेप घेतला : दुष्टत्व माणसाच्या बाहेर ठेवले, की त्याला मारून मोकळे होता येते. चित्रपटातील निसर्गदृश्यांचे सौंदर्य मान्य करूनही म्हणावे लागते, की त्याने अर्थसीचा पृष्ठभाग राखला आणि केंद्र हलवले.

४.५ उत्तरभाग : नियमाला विचारलेला प्रश्न

तिसऱ्या पुस्तकानंतर अठरा वर्षांनी, १९९० मध्ये, ल ग्विन यांनी 'तेहानू' हे चौथे पुस्तक लिहिले. त्यात जादूचे पराक्रम जवळपास नाहीत. तेनार आता एक मध्यमवयीन शेतकरी विधवा आहे. तिने भाजलेल्या, अत्याचारित मुलीला सांभाळले आहे. सामर्थ्य गमावलेला गेड थकून, लाजून गावी परततो. साहस अपेक्षिणाऱ्या अनेक वाचकांची निराशा झाली. दुसरीकडे याच पुस्तकाला त्या वर्षाचा सर्वोत्कृष्ट कादंबरीचा नेब्युला पुरस्कारही मिळाला.

हे पुस्तक मूळ मालेपेक्षा उणे आहे का? पहिल्या पुस्तकांत रोकच्या विद्यापीठात केवळ पुरुषांना प्रवेश होता आणि स्त्रियांच्या जादूला हलके लेखले जात होते. लेखिकेने तेव्हा हे गृहीत धरले होते. 'तेहानू'त त्या स्वतःच्याच जगाला विचारतात : हे सामर्थ्य कोणाचे होते? ते गेल्यावर माणसात काय उरते? ज्यांना ते कधी दिलेच नाही, त्यांचे काय? येथेही जुना नियम डळमळतो; पण जाणीवपूर्वक. वाचकाचे सुख हिरावले जाते, मात्र त्याच्या बदल्यात त्याला जुनी पुस्तके नव्याने वाचण्याची दृष्टी मिळते. अशा निराशेला दोष म्हणणे न्याय्य ठरणार नाही.

४.६ पडताळणीसाठी आणखी एक उदाहरण

हा निकष इतरत्र लावून पाहू. जे. आर. आर. टॉल्किन यांची 'द हॉबिट' (१९३७) ही मुलांसाठी लिहिलेली, सुमारे तीनशे पानांची कादंबरी. तिच्यात सापडणारी अंगठी ही अदृश्य करणारी एक सोयीची वस्तू आहे. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४–५५) या उत्तरग्रंथात तीच अंगठी सत्तेच्या मोहाचे रूप घेते. त्यासाठी टॉल्किन यांनी 'हॉबिट'च्या १९५१ च्या आवृत्तीत गॉलमचे प्रकरणही बदलले. उत्तरभागाने येथे मूळ प्रश्नच अधिक खोल केला.

याउलट २०१२ ते २०१४ या काळात 'हॉबिट'वर निघालेल्या तीन चित्रपटांची एकत्रित लांबी जवळजवळ आठ तासांची आहे. पुस्तकात गॅन्डाल्फ मध्येच कोठेतरी निघून जातो आणि त्याच्या कामगिरीचा केवळ ओझरता उल्लेख येतो. चित्रपटांनी ती कामगिरी विस्ताराने दाखवली. पुस्तकातील रिकामी जागा भरली गेली. पण ती रिकामी नव्हती, सूचक होती.

स्वयंअध्ययन प्रश्न २ : 'व्यंग्य होते ते वाच्य होते' हे विधान 'हॉबिट'च्या चित्रपटांना कसे लागू पडते?

४.७ सारांश

विस्मय ओळखीने ओसरतो, म्हणून उत्तरभाग आणि माध्यमांतरे यांचे काम मुळातच अवघड असते. बदल हा दोष नव्हे. मूळ जगाचा मध्यवर्ती नियम नकळत मोडणे, सूचिताचे रूपांतर माहितीत करणे, आणि आतला संघर्ष बाहेरच्या शत्रूवर ढकलणे, हे खरे दोष होत. नियम ओळखून त्याला प्रश्न विचारणारी कृती मात्र वाचकाला न रुचताही मोलाची असू शकते. यापुढे 'पुस्तकाची सर नाही' असे म्हणावेसे वाटेल, तेव्हा दोन प्रश्न स्वतःला विचारावेत : या कृतीने काय गमावले? आणि माझे जे हरवले, ते कृतीत हरवले की पहिल्या वाचनाचे माझे वयच आता उरले नाही?

४.८ स्वाध्याय

१. उत्तरभाग आणि माध्यमांतर यांतील साम्य-भेद सोदाहरण स्पष्ट करा.
२. 'अर्थसी'वरील २००४ च्या मालिकेतील दोन बदलांची चिकित्सा करा.
३. 'तेहानू' हा अपयशी उत्तरभाग आहे, या मताचा परामर्श घ्या.
४. उपक्रम : आपण वाचलेली एखादी मराठी कथा-कादंबरी आणि तिच्यावरील चित्रपट, नाटक किंवा मालिका निवडा. मूळ कृतीचा मध्यवर्ती नियम एका वाक्यात लिहा आणि माध्यमांतरात त्याचे काय झाले, याचे टिपण सुमारे ३०० शब्दांत तयार करा.